रंभाबाईचा पहारा

मित्रांनो, साकोलीकडून एकोडीच्या पुढे निघालात की धानाच्या बांध्यांच्या मधोमध आमचं छोटंसं गाव लागतं. गावात विठ्ठलाचं कौलारू देऊळ आहे. देवळात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला भिंतीत एक सागवानी खुंटी ठोकलेली आहे. त्या खुंटीला जी जुनी वीणा टांगलेली दिसते ना, ती मी. माझी दांडी हातांच्या घामाने काळी पडली आहे आणि भोपळ्याला एक बारीक तडा गेला आहे. दुपारच्या वेळी या देवळात कुणी पाऊल टाकत नाही. दुपारी इथली वीणा आपोआप वाजते, असं आयांनी आपल्या लेकरांना सांगून ठेवलं आहे. तुम्ही मात्र घाबरू नका. बसा थोडा वेळ. मी वाजते की नाही तेही सांगेन, पण आधी बाकीचं ऐका.

माझा जन्म रंभाबाईच्या गोठ्यावर झाला. रंभाबाई ही गावच्या मारोतरावांची बायको. नवी नवरी होऊन ती आली त्या साली तिने गोठ्याच्या कडेला दुधी भोपळ्याच्या बिया लावल्या होत्या. त्यातली एक बी कडू निघाली. सासू म्हणाली, उपटून टाक तो वेल, कडू भोपळा कोण खातो? रंभाबाईने उपटला नाही. आलाच आहे बिचारा तर राहू द्या, म्हणाली. त्या वेलाला एकच भोपळा नीट धरला, आणि तो भोपळा म्हणजे मी.

तिने मला वेलावरच वाळू दिलं. मग देठाशी भोक पाडून आत पाणी भरलं, गर सडवला, आणि खडे टाकून रोज खळखळ हलवत आतलं सगळं बाहेर काढलं. शेतावर पाणी न्यायला एक तुंबा होईल, एवढाच तिचा बेत होता. पण त्याच साली देवळातली जुनी वीणा फुटली. गावचे म्हातारे वीणेकरी धनीरामबुवा गोठ्यावरून जाताना थांबले, मला बोटाने टकटक करून पाहिलं, आणि मला मागून घेतलं. त्यांनी मला पवनीला जागेश्वर सुताराकडे नेलं. जागेश्वर कानाशी धरून मला वाजवत राहिला आणि म्हणाला, "आंदर काहीच नाही ठेवलं बाईनं. म्हणून बोलते हा भोपळा." त्याने मला दांडी बसवली, तारा चढवल्या.

मी वीणा होऊन गावात परतले तेव्हा हळदकुंकू लावायला बायांची रीघ लागली. रंभाबाई सगळ्यांच्या मागे उभी होती. सासरी दिलेल्या लेकीकडे पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून रोज सकाळी देऊळ झाडायचं काम तिने आपणहून धरलं. झाडून झालं की पदराने मला पुसायची आणि पुसताना काहीतरी गुणगुणायची. तिचा आवाज बारीक होता, कुणी गाणारी म्हणून तिला ओळखत नव्हतं. माझ्या तारा मात्र तिच्या आवाजाला लगेच साद द्यायच्या.

आता आमच्या सप्ताहाची रीत सांगते, कारण सगळी गोष्ट त्या रीतीवरच उभी आहे. धान कापून घरी आलं की देवळात अखंड हरिनामाचा सप्ताह बसतो. त्या सात दिवसांत मी जमिनीला टेकायची नाही, भिंतीला टेकायची नाही, खुंटीवरही जायची नाही. कुणा ना कुणाच्या गळ्यात असायची. ज्याच्या गळ्यात मी, त्याचा पहारा. पहारा बदलताना घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो. मग मी गळ्यातून गळ्यात जाते. मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, कारण आता वीणा त्याच्याकडे असते. तिथे लहानमोठा नाही, मालक आणि गडी नाही. जो देतो त्याने वाकायचं.

धनीरामबुवा नव्या वीणेकऱ्याला एकच गोष्ट शिकवायचे. ते म्हणायचे, "वीणा गळ्यात आली का आपून खुंटी. लोक वीणेच्या पाया पडतेत, खुंटीच्या नाही."

मारोतराव पहिल्यांदा पहाऱ्याला उभे राहिले तेव्हा अगदी तरुण होते. गळा गोड होता, मन कोवळं होतं. त्या दिवशी अभंग म्हणता म्हणता एक वेळ अशी आली की मला वाटलं, माझ्या मागे कुणी उभंच नाही. नाव चाललं होतं, तारा वाजत होत्या, आणि ज्याच्या गळ्यात मी होते तो माणूस कुठे उरलाच नव्हता. मित्रांनो, वीणेच्या आयुष्यात असा क्षण फार क्वचित येतो. पहारा संपला तेव्हा मारोतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुन्हा व्हावं, हीच त्यांची पुढच्या सगळ्या आयुष्याची आस झाली.

पण दुसऱ्या साली लोक मारोतरावांचा पहारा ऐकायला मुद्दाम येऊ लागले. लोक माझ्या भोपळ्याला हात लावून कपाळाला लावायचे आणि मारोतरावांची मान ताठ व्हायची. दांडीवरच्या त्यांच्या मुठीतून मला सगळं कळायचं. कुणी नुसती बोटं टेकवून गेला की मूठ आवळायची. कुणी लोटांगण घातलं की सैल व्हायची. ते वाईट नव्हते हो. पहाटे उठायचे, उपास करायचे, कुणाचं कधी घेतलं नाही. एकदा त्यांनी धनीरामबुवांना अगदी काकुळतीने विचारलं की बुवा, ते पुन्हा काहून नाही होत?

"तू वाट पाहून राहिला न," बुवा म्हणाले. "ते झालं का मारोतरावाले झालं, असं लोकायनं म्हणावं, असं वाटते तुले. तू दारातून हटशीन तं ते आंदर येईन."

मारोतरावांना ते लागलं. आपल्या भक्तीत काही कमी आहे असं बुवा म्हणत आहेत, एवढंच त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून उपास वाढवले. काही वर्षांनी बुवा गेले. गावच्या भजनी मंडळाचे मुख्य वीणेकरी मारोतराव झाले.

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगते. सप्ताहाच्या दिवसांत गावातले पुरुष दुपारी मळणीला जायचे आणि पहाऱ्याला माणूस मिळेनासा झाला. मंडळाने ठरवलं की दुपारचे पहारे बायांनी करावेत. ते ऐकून रंभाबाईने नवऱ्याजवळ शब्द टाकला. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरने तिचं हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं होतं, जास्त वेळ उभं राहू नका म्हणाला होता. पण एकदा, एकच पहारा, मला गळ्यात घालून उभं राहावं, असं तिच्या मनात होतं.

मारोतराव लगेच हो म्हणाले. एवढंच नाही, त्यांनी मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की रंभाच्या आधीचा पहारा मी स्वतः घेईन आणि माझ्या हाताने तिच्या गळ्यात वीणा घालीन. बैठकीत वाहवा झाली. नवरा असावा तर असा, असं बायाही म्हणाल्या. त्या वाहवेत एक गोष्ट मारोतरावांच्या ध्यानातून निसटली. वीणा दिल्यानंतर काय करावं लागतं, ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तो दिवस उजाडला. देऊळ भरलं होतं. लाखांदूरकडची भजनी मंडळी पाहुणी आली होती, पवनीचे कीर्तनकार महाराज समोर बसले होते. मी मारोतरावांच्या गळ्यात होते. पहारा संपत आला तशी रंभाबाई पुढे आली. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हातात नव्या बांगड्या भरल्या होत्या. ती वाकली, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं, उठली, आणि दोन्ही हात पुढे पसरून उभी राहिली.

त्या क्षणी मारोतरावांना ते आठवलं. सगळ्या पाहुण्यांदेखत, महाराजांदेखत, आता आपल्याला आपल्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे. दांडीवरची मूठ इतकी आवळली की मला वाटलं, माझी तार तुटेल. आणि मारोतरावांनी डोळे मिटले.

डोळे मिटून ते गात राहिले. अंग डोलवू लागले. आवाज चढवला. पाहणाऱ्यांना वाटलं, यांची समाधी लागली. कुणीतरी रंभाबाईला वीणा घे म्हणून खुणावत होतं, तर पवनीच्या महाराजांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तल्लीन झालेल्या माणसाला उठवू नये, म्हणाले. लोकांनी मोबाइल काढले. एक अभंग संपला, दुसरा सुरू झाला. मी त्यांच्या छातीशी होते. त्यांचं काळीज धडधड धडधड उडत होतं. समाधीतल्या माणसाचं काळीज असं उडत नाही.

आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, ते दोन हात होते. पसरलेले. आधी स्थिर होते, मग कापू लागले, मग खाली यायचे आणि ती पुन्हा वर उचलायची. ज्या हातांनी माझ्यातला गर काढला तेच हात. मला तिकडे जायचं होतं. पण मी वीणा, मला पाय नाहीत. तिचा पहारा तसाच सरला. पुढच्या पहाऱ्याला गावातले म्हातारे देवाजी आले तेव्हा मारोतरावांनी डोळे उघडले, देवाजींच्या गळ्यात मला घातलं आणि त्यांच्या पायांवर रीतसर डोकं ठेवलं. रंभाबाई खांबाचा आधार घेत बायांमध्ये जाऊन बसली.

काला झाला, पाहुणे गेले, मी पुन्हा खुंटीवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात आम्ही तिघंच होतो. रंभाबाई मला पुसत होती आणि मारोतराव दाराशी उभे होते. ती मागे न वळता बोलली.

"तुमचे डोळे लागले नव्हते जी. पापण्या हालत होत्या."

तिने माझ्या तारांवरून पदर फिरवला.

"वाकाचं नव्हतं तं नसते वाकले. मी काही म्हणली असती का? मले तं फक्त वीणा पाहिजे होती."

मारोतराव चालत माझ्यापाशी आले. मी खरं सांगते मित्रांनो, त्यांचा हात खुंटीपर्यंत आला होता. मला उचलायचं आणि तिच्या गळ्यात घालायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बाहेर माणसांची चाहूल लागली. लाखांदूरकडून एसटीने काही लोक आले होते. त्यांनी मोबाइलवर ती समाधी पाहिली होती आणि माऊलींचं दर्शन घ्यायला आले होते. त्यांच्यातली एक म्हातारी दारातच मारोतरावांच्या पायांवर पडली. खुंटीपर्यंत आलेला हात खाली गेला आणि तिच्या डोक्यावर आशीर्वादाला टेकला. रंभाबाईने पदर नीट केला आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेली.

भादव्यात धान निसवून लोंब्या बाहेर पडत असताना रंभाबाई गेली. विहिरीवरून घागर आणली, अंगणात टेकली, आणि तिथून उठली नाही. मला पुसायला त्या दिवसानंतर कुणी आलं नाही. माझ्यावर धूळ बसू लागली, कोळ्याने माझ्या तारांना जाळं बांधलं.

मारोतरावांना आता सगळा गाव महाराज म्हणत होता. पण त्यांचं गाणं बंद पडलं होतं. डोळे मिटले की त्यांना ते दोन हात दिसायचे. डोळे मिटल्याशिवाय त्यांना अभंग म्हणता यायचा नाही, आणि मिटले की पुढची ओळ सुचायची नाही. मोबाइलवरची ती समाधी अजून गावोगाव फिरत होती. त्यात मधोमध मारोतराव डोलताना दिसतात, आणि एका कडेला नुसत्या हिरव्या बांगड्या भरलेले दोन हात. चेहरा नाही. लोक मारोतरावांकडे पाहायचे, मारोतराव त्या कडेकडे. ते देवळाच्या पायरीवर बसून तेवढंच पुन्हा पुन्हा लावायचे. हात खाली येतात, वर जातात. खाली येतात, वर जातात. त्यांच्याजवळ तिचं हलतं असं तेवढंच उरलं होतं.

पुढचा सप्ताह आला. रंभाबाईचा जो दुपारचा पहारा होता तो मारोतरावांनी रुखमाबाईला घ्यायला सांगितला. रुखमाबाई म्हणजे धनीरामबुवांची म्हातारी बायको, रंभाबाईची जिवाची मैत्रीण. त्याच्या आधीचा पहारा मारोतरावांनी स्वतः घेतला. पुन्हा देऊळ भरलेलं, पुन्हा पवनीचे महाराज समोर. रुखमाबाई आली, वाकली, उठली. मारोतरावांनी मला तिच्या गळ्यात घातलं. मग ते गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पायांवर कपाळ टेकवून तसेच राहिले.

देवळात कुजबूज पसरली. एवढा मोठा माणूस, पण पाहा कसा वाकला! मी रुखमाबाईच्या गळ्यातून खाली पाहत होते. ती कुजबूज कानावर पडली आणि मारोतरावांच्या पाठीत तो जुना ताठपणा भरला. जमिनीला टेकलेला माणूसही ताठ असू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. आणि ते त्यांचं त्यांनाही कळलं. ते दचकून उठले. त्यांनी माइक ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर बोलले.

"मागच्या साली माही समाधी नव्हती लागली. मी सोंग केलं. बायकोच्या पाया पडा लागू नये म्हणून डोळे मिटून उभा राहिलो. रंभा मले दिसत होती."

मग पवनीच्या महाराजांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि सांगितलं की मायबापहो, खरा मोठा माणूस असाच असतो, न केलेला दोषही तो आपल्या माथ्यावर घेतो. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. विठ्ठलाचं नाव कौलांपर्यंत गेलं. मारोतराव हात हलवून सांगत होते, नाही, तसं नाही, खरंच सोंग होतं. जितकं ते सांगायचे तितका गजर वाढायचा. लोक रांग लावून त्यांच्या पाया पडू लागले. त्या गर्दीत ते बुडणाऱ्या माणसासारखे इकडेतिकडे पाहत होते, आणि त्यांचं बोलणं खरं मानायला कुणी तयार नव्हतं.

एकट्या रुखमाबाईने मानलं. ते पाहत पाहत तिच्यापर्यंत आले तेव्हा ती मला सांभाळत हळूच म्हणाली, "मले माहीत हाये भाऊजी. मी तिच्या बाजूलेच होती. संध्याकाळी तिचे हात शेकून देल्ले मी."

मारोतरावांनी विचारलं, ती काही म्हणाली होती का?

"म्हणे, यंदा नाही तं पुढच्या साली."

त्या दिवसानंतर मारोतरावांनी वीणेचा पहारा सोडला. लोकांनी खूप विनवलं. काहींना त्यातही त्यांचा मोठेपणाच दिसला. ते आता कुणाला पायांना हात लावू देत नाहीत. कुणी वाकू लागला की शेताकडे निघून जातात.

पण दुपारी ते येतात. गाव जेवून पडलेला असतो, देवळात चिटपाखरू नसतं. दार लोटून घेतात. धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसतात. मला खुंटीवरून काढतात आणि दोन्ही हातांवर घेऊन, हात पुढे पसरून उभे राहतात. ती उभी होती तसेच, तिच्याच जागी. हात कापू लागतात, खाली येतात, ते पुन्हा वर उचलतात. पहाराभर असं चालतं. मग मला खुंटीवर ठेवतात आणि त्या खुंटीपुढे डोकं टेकतात. टेकल्यावर खालच्या आवाजात रंभाबाईशी काहीतरी बोलतात. त्या आवाजाने माझ्या तारा हलतात. गावकरी दुपारी ऐकतात तो नाद हा. काही दिवस मात्र असेही असतात की मारोतराव अजून यायचे असतात, देऊळ रिकामं असतं, आणि माझ्या तारा बारीक आवाजाला साद दिल्यासारख्या गुणगुणू लागतात. त्या दिवसांचं मला सांगता येत नाही.

परवाच एक गोष्ट घडली. मारोतराव खुंटीपुढे डोकं टेकून बराच वेळ राहिले. बोलले नाहीत, हलले नाहीत. आणि मला एकदम वाटलं, खाली कुणीच नाही. अगदी पहिल्या पहाऱ्याच्या वेळी वाटलं होतं तसंच. माझ्या चारी तारा एका स्वरात वाजू लागल्या. वाकलेला माणूस तिथे नव्हताच. इतक्या वर्षांनी ते पुन्हा आलं होतं, आणि पाहायला कुणी नव्हतं.

मग मारोतरावांनी मान वर केली आणि मला, नाहीतर खुंटीला, विचारलं, "रंभे, आली का तू? घेतली का?"

तारा थांबल्या. मी त्यांना काय सांगणार? मी तर खुंटीवरच होते. ते दार उघडून उन्हात निघून गेले.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. तडा रुंद होत चालला आहे, आणखी थोड्या सप्ताहांची मी सोबती. मला जपा असं मी म्हणणार नाही, भोपळे काय, वेलांना येतच राहतात. तुम्हाला एकच विनवते. ज्याच्यापुढे तुम्हाला वाकायचं आहे, मग ती आई असो, बहीण असो, घरात राबणारं कुणीही असो, ते माणूस हात पसरून समोर उभं आहे तोवर वाका. डोळे मिटू नका. मागाहून वाकायला खुंटी तेवढी उरते, आणि खुंटीला हात नसतात.